नकार किती ठेवायचा

तुर्भ्याच्या औषध कारखान्यात एकवीस वर्षं
मी पट्ट्याच्या तोंडाशी उभी होते.
गोळ्या कमानीखालून जायच्या,
कमान ओरडली की अख्खी खेप लाल पिंपात.
लोखंडाचा एखादा कीस, डोळ्याला न दिसणारा.
धातू म्हणजे दोष, एवढंच शिकले.

आता सादिक खोतांच्या दुकानात
मी उलटं मागतेय.
ओरडणारं द्या.
ओरडलं की आनंद व्हावा असं.

"नाणी की सोनं?" ते विचारतात,
चहा की कॉफी विचारावं तसं.
काय फरक पडतो?
फरक पडतो म्हणतात, आणि स्टूल पुढे सरकवतात.
नाण्यांना मोठी चकती, खर्जातला सूर;
रुपया वीतभर खाली असला तरी जाडजूड ओ देतो.
सोन्याच्या कणाला वरची पट्टी लागते.
सोनं बारीक बोलतं.
एकानं नेलं होतं यंत्र सुवर्णरेखेच्या काठी,
महिन्याभरानं परत आला:
छर्रे, खिळे, आणि हिवताप.

"तुम्ही कुठे फिरवणार?"
दिवाळ्याला. खाडीवर, ओहोटीला.
हे ऐकून त्यांनी दोन यंत्रं फळीवर परत ठेवली.
खारा चिखल स्वतःच बोलतो, म्हणाले,
स्वस्त यंत्राला मीठसुद्धा धातू वाटतं,
काही नसताना दिवसभर केकाटत राहील.
(अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत. बोलले नाही.)
आणि किल्ल्याच्या बाजूला जायचं नाही,
शंभर वर्षांहून जुनं काही निघालं
तर कलेक्टरला कळवायचं, पदरात बांधायचं नाही.

तिसरं यंत्र फडक्यातून निघालं,
एका दमात अनेक सुरांत ऐकणारं.
किंमत ऐकून मी पर्स बंद केली.
पर्समध्ये ग्रॅच्युइटी होती. पुन्हा उघडली.

काउंटरवर त्यांनी ओळीनं मांडलं:
गंजका खिळा, बिअरच्या डब्याची कडी,
जुनी पावली,
गोळ्यांच्या पाकिटाची चांदी,
आणि गल्ल्यातल्या डबीतून सोन्याची एक चमकी.
खिळा घोगरा. पावली देवळातल्या घंटेसारखी.
चांदीवर चकती आली, पडद्यावर बारा.
चमकीवर आली. बारा.
मी त्यांच्या हातातून यंत्र घेऊन स्वतः फिरवलं.
बारा, बारा.

"हे बटण नकाराचं," खोत म्हणाले.
"बारा नको म्हटलंत की काठावरचा निम्मा कचरा गप्प.
आणि ही चमकीपण गप्प.
किती नको म्हणायचं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं.
वॉरंटीत येत नाही."

मी चांदी उचलून उजेडात धरली.
पाठीवर बॅच नंबर, आमच्याच लाइनचा ठसा.

शनिवारी सकाळी गुडघ्याएवढ्या बुटांत
मी जेट्टीच्या डावीकडे उतरले. नकार शून्यावर.
जाळं निवडणारी यशवंती नाखवा वरून ओरडली,
"काय हरवलाय गो तुजा?"
माहीत नाही अजून.
ती हसली, आणि एक खेकडा माझ्या दिशेनं फेकला,
घे, हा तरी ने.

डावा खिसा सापडलेल्याचा, उजवा कचऱ्याचा.
दहा वाजेपर्यंत उजवा मांडीवर आदळायला लागला:
कड्या, हुक, कुलपाचा तुकडा,
चांदी, चांदी, गणपतीच्या मखराची चांदी,
एकदा पाकीट जसंच्या तसं,
अक्षरं खाडीनं चाटून नेलेली,
आत गोळी नाही, तिच्या आकाराचा चिखल.
डाव्यात दोन रुपये. फुलासारख्या कडेचे,
कुणी देवाला टाकले असतील,
कुणाच्या फाटक्या खिशातून गेले असतील.

बटणावर दोनदा अंगठा गेला.
एक दाब, आणि सगळा काठ निवांत झाला असता.

चकती पुढे सरकवली.
चिखल खालून बारीक बोलला.
बारा.
भरतीला अजून चाळीस मिनिटं होती.
मी खुरपं काढलं.