वयाचा दाखला

मार्टिनमसनंतरचा मंगळवार.
ऑर्लबरीच्या चर्चमध्ये अशी थंडी
की शाई दोनदा गोठली, दोनदा मी ती काखेत धरून सैल केली.
प्रश्न एवढाच होता :
इदोनिया द व्होकूर, बाप मयत, भाऊ नाही,
चौदा वर्षांची झाली की नाही?

झाली असेल तर सात गावं, दोन गिरण्या, नदीतला माशांचा बांध
तिचा. म्हणजे तिच्या नवऱ्याचा.
नसेल तर अजून काकाचा.
काका पहिल्या बाकावर होता. हातमोजे त्यानं काढले नव्हते.

आधी मी वंशावळ वाचली, फ्रेंचमधून.
गिल्बर, जो समुद्र ओलांडून आला,
त्याचा रॉबर, त्याचा आणखी एक गिल्बर,
त्याचा फूक, ज्यानं कैदेतून सुटायला जंगल गहाण टाकलं.
आणि मधेमधे, ओढ्यातल्या पाय ठेवायच्या दगडांसारख्या,
'एक मुलगी', 'एक मुलगी',
'एक मुलगी, वेल्समध्ये दिली.'

नदीचं मूळ आणि सरदाराचं कूळ विचारू नये.
पहिल्या गिल्बरचा बाप माझ्या चर्मपत्रावर शूर आहे.
आमच्या मठाचा स्वयंपाकी म्हणतो, तो गाढवावरून मीठ विकायचा.

मग साक्षीदार. बारा पुरुष, बारा शपथा.
सगळे म्हणाले, सर्व संतांचा दिवस, चौदा वर्षांपूर्वी.
कशावरून?

ऑस्बर्ट, वय साठ :
बाप्तिस्मा बघून परतताना बर्फावर घसरलो, हा पाय बघा.
त्यानं पाय दाखवला. मी पाय लिहिला.
सेर्लोचं कोठार त्याच आठवड्यात जळालं होतं.
वॉरिननं त्याच दिवशी लग्न केलं होतं,
विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला म्हणाला, जमलं नाही.
राजाचा अधिकारीसुद्धा हसला.
मग हॅमो : बर्फावर घसरलो, पाय मोडला.
कोणता?
हॅमोनं खाली पाहिलं,
बाजारात निवडल्यासारखं.

सर्व संतांच्या दिवशी आमच्याकडे चिखल असतो.
बर्फ कुठून आला, हे कोणी विचारलं नाही.
मीही नाही.
ते इंग्रजीत बोलत होते, मी लॅटिनमध्ये उतरवत होतो,
मधल्या साकवावरून काय काय पाण्यात पडलं, देव जाणे.

दाराशी आल्डिथ उभी होती. इदोनियाची दाई.
तिला कोणी बोलावलं नव्हतं, बाईला बोलावत नाहीत.
"सेंट लूसीची रात्र होती," ती म्हणाली,
"संध्याकाळी माझी गेली. तीन दिवसांची.
अंगावर दूध होतं. गढीवरून माणूस आला, म्हणाला चल,
आणि बर्फातून मी गेले."

काकानं पहिल्यांदा मान वळवली.
लूसीला अजून महिना होता.
अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी लेखणीच्या टोकाकडे.
"बाई साक्षीदार नाही," तो म्हणाला.
"मला गावं नकोत," आल्डिथ म्हणाली.
"ती कोणालाही द्या. तारीख तेवढी हलवू नका.
तिच्यावर आणखी एकीचं आहे."

इदोनियानं त्या सकाळभरात एकदाच वर पाहिलं,
काकाकडे नाही, नवऱ्यामुलाच्या बापाकडे नाही.
मग पुन्हा स्वतःच्या बोटांकडे.

मी लिहिलं : सर्व संतांचा दिवस. बारा जणांचं एकमत.
मेण तापवलं, शिक्के लावले.
नवऱ्यामुलाच्या बापानं मला मेणाचे पैसे दिले,
मेणापेक्षा बरेच जास्त. मी घेतले.

रात्री मठात, मेणबत्ती तिरकी धरून,
व्होकूरांची वंशावळ पालथी घातली,
आणि मागच्या बाजूला कोरड्या लेखणीनं,
शाई न लावता, नुसतं दाबून कोरलं.
सरळ उजेडात काही दिसत नाही.
चर्मपत्र थोडं कलतं केलं तर सावली पडते :
सेंट लूसी. एक मुलगी.