लिंबाचा गुण

फाटकापासून दारापर्यंत
एकशे चौदा फरशा, पिवळ्या.
लांब पट्ट्यांची म्हणजे चला,
गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा.
नकाशात रेघ सरळ होती, मी सरळ बसवली.
सरळ बसवण्याचेच पैसे मिळतात मला.

मधे लिंब होता.
म्हणजे नकाशात नव्हता, जमिनीत होता.

शेठनं तोडायला माणूस आणलता,
कुऱ्हाडीला धार लावून बसलता तो,
तेवढ्यात पुण्याहून निरोप आला:
जुनं झाड राखलं तर दोन गुण.
माणूस चहा पिऊन परत गेला.

गच्चीवरच्या पांढऱ्या रंगाला गुण,
पावसाचं पाणी मुरवलं तर गुण,
चाकाच्या खुर्चीला उतार केला तर गुण.
फूटभर चढायला बारा फूट वाट.
एवढा धीर सरकारी इमारतीत
मी पहिल्यांदाच पाहिला.
काळ्या मातीनं तो दोनदा तडकवला,
मुरूम भरून भरून पुन्हा केला.

तपासणीला आलेल्या बाई
टॅबलेटवर बोट ठेवत फिरल्या.
झाड आहे.
पिवळी वाट आहे.
दोन्ही एकाच जागी आहेत का,
असं विचारणारा रकाना नव्हता.

मग फुलारी साहेब आले, टेलिफोनवरचे.
तेवीस वर्षं जुन्या कचेरीचा जिना
भिंत चाचपत चढलेला माणूस.
शेठ म्हणाला, साहेब, काठी राहू द्या,
ही वाट थेट दारात नेते.
साहेबांनी काठी काखेत मारली,
चपला काढल्या.
एप्रिल, साडेअकराचं ऊन, परभणीचं,
तरी पायानं वाचत निघाले.
मी मोजत होतो, एकोणसत्तर, सत्तर,
पुढं काय आहे मला ठाऊक होतं
आणि मी तोंड उघडलं नाही.
हे इथं सांगून ठेवतो,
गुणांच्या तक्त्यात ते कुठंच नाही.

कपाळ वाजलं.

शेठ ओरडला, तोडा ते झाड, आत्ताच्या आत्ता.
बाई हळूच म्हणाल्या, मग दोन गुण जातील.
साहेब खोडाला हात लावून उभे,
साल चाचपत, हात पुरेल तिथवर.
कोण आहे हे?
लिंब हाय, साहेब.
आणि हा बोलला तो कोण?
मी बी लिंबच. लिंबाजी. फरशीवाला.

तेव्हा हसले.
टेंगूळ फुगत होतं आणि माणूस हसत होता.
बनी तो बनी, म्हणाले, नहीं तो परभणी.
त्याला सरकता येत नाही, लिंबाजी. तुला येतं.

झाडलोटीच्या मालनबाईनं पाला ठेचून
कपाळाला लावला.
गुण येईल, म्हणाली.
बाईंनी टॅबलेटवरून मान वर केली,
मग काही न विचारता खाली घातली.

सत्तावीस फरशा उखडल्या.
चौकोनी फरशीला वळण नसतं,
कोपरे कापून कापून ते आणावं लागतं.
साहेब तीन संध्याकाळ अनवाणी उभे:
इथं जास्त वळलास.
इथं अंगठा अडखळतो.
इथं झाडाची सावली कळते, पण वाट कळत नाही.
चौथ्या संध्याकाळी काहीच बोलले नाहीत,
चालत आत गेले, आतून फोन वाजला तो उचलला.
त्या दिवसांची हजेरी शेठनं लावली नाही.

पाटी आली. हिरवी, पितळी काठाची,
दाराच्या वर, नऊ फुटांवर.
खाली आंधळ्यांसाठी उठावाचे ठिपकेही आहेत.
शिडी लावून मीच ठोकली,
म्हणून बोटं फिरवली फक्त मी,
आणि मला ती लिपी येत नाही.

आता ज्येष्ठात वाटेवर निंबोळ्यांचा सडा पडतो.
मालनबाई सगळं झाडते,
वळणावरच्या तेवढ्या ठेवते.
साहेबांनीच सांगितलंय तिला.
चपलेखाली एक पिचकली की ते थांबतात,
वास घेतात,
मग उजवीकडं.