तरफा

पहिली दोन वर्षं गज नाही.
नुसत्या खुंट्या.
पस्तीस तरफा, आणि बांदोड्याची ती ओली हवा,
रात्रभरात सगळं लावलेलं उतरवून ठेवणारी.
"लाव परत," शाणूमामा म्हणायचा,
सुपारी कातरताना, मान वर न करता.

गंधार लागेतो षड्ज हललेला.
निषादाशी पोचेतो गंधार रुसलेला.
बोरीचा आगुस्तीन बाजारात भेटायचा,
काखेत व्हायोलिन, चार तारा. चारच!
वर्षभरात तो लग्नांतून वाजवू लागला,
दोन रुपये, वर वाटीभर सोरपोतेल.

शाळेच्या अर्जावर बापाच्या नावाची रेघ
मामाने कोरी ठेवली.
मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं,
मग स्वतःच्या टाकाने लिहिलं:
पालक, शाणू, सारंगिये.
शाई वाळेपर्यंत कुणी बोललं नाही.

गजाचे केस झडले होते.
फोंड्याला पाकल्यांच्या छावणीत पांढरा घोडा होता.
मोतद्दाराने मूठभर शेपूट दिलं
उर्राकाच्या बाटलीवर.
बूच ढिलं निघालं, अर्धी माझ्या सदऱ्यावर सांडली,
तरी त्याने शब्द पाळला.
केसांना घोड्याचा वास, मला उर्राकाचा,
आईने दोघांना विहिरीवर उभं केलं.

आई तेव्हा गात नव्हती.
देवळातलं गाणं सोडून नऊ वर्षं झालेली.
का, ते घरात कुणी विचारत नसे.
तिचा अंजिरी शालू उसवून
मामाने सारंगीला गवसणी शिवली होती,
जरीचा काठ नेमका घोडीवर यायचा.

तर त्या दिवशी,
सण नाही, काही नाही, मंगळवार बहुतेक,
मी पस्तिसावी खुंटी पिळून हात सोडले
आणि रांधणीतून आई ओरडली,
"पेज निवली मरे!"

सारंगी गुणगुणली.
कुणी हात लावला नव्हता.
पंचमाची तार हलत होती,
तिच्या शेजारची, तिच्याही पलीकडची,
ती थरथर मला दातांत कळली.

मामाचा अडकित्ता थांबला.
"परत हाक मार गे."
"कित्याक?" आई दारात आली, हातात डवली,
डवलीतून पेज ठिबकत होती.
सारंगीकडे पाहत राहिली,
उसनी गेलेली वस्तू
दुसऱ्याच्या घरात दिसावी तशी.
मग आत गेली. हाक मारली नाही.

त्या संध्याकाळी मामाने गज दिला.

पुढे नखांच्या मुळाशी कातडं फाटलं,
खोबरेल, हळद, परत फाटलं,
आता तिथे गुळगुळीत घट्टे आहेत.
लोक विचारतात, गुरू कोण.
मी मामाचं नाव घेतो, कानाची पाळी धरतो.
त्यात खोटं काही नाही.

पण मैफिलीआधी, पडद्यामागे,
तरफा लावून झाल्या की बोटाने छेडून बघत नाही.
आईच्या पट्टीत, हळूच, म्हणतो:
पेज निवली.
उत्तर येतं बहुधा.
दमट हवेत जरा उशिरा.