दर्शनी भागापुरते

नियम चार, पोटनियम अ : अनुदान फक्त दर्शनी भागापुरते.
म्हणजे रस्त्यावरून जे दिसतं ते.
छप्पर नाही, तळघर नाही, मागची भिंत नाही.
हे मी टेबलापलीकडे बसलेल्या
ऑर्विल प्रोहास्काला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं.
तो म्हणाला, छप्पर गळतंय.
मी म्हटलं, दारावरच्या कापडी छपरीला मिळतील.
आधी तुम्ही खर्च करा, पावत्या आणा,
मग निम्मे आम्ही.
त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, बराच वेळ.

काचेचा कारखाना बंद झाला तेव्हा मी चौथीत होते.
मग मेन स्ट्रीटवर एकेकाने दारातली पाटी उलटी केली
आणि ती सुलटी करायला कुणी परत आलं नाही.
ऑर्विल राहिला. शिवणयंत्रं दुरुस्त करतो.
ओहायोच्या या कोपऱ्यात
आता किती शिवणयंत्रं असतील, कोण जाणे.

सल्लागार कोलंबसहून आला, त्याने चित्रं आणली :
आमचाच रस्ता, पण झाडं वीस वर्षांनी मोठी,
आणि जलरंगातली माणसं हातात कॉफी घेऊन चाललेली,
एकाच्याही पायाखाली सावली नाही.
मी त्यांच्यात ओळखीचा चेहरा शोधत होते.
एक कुत्रा तेवढा लँब्राइटांचा वाटला.

पैसा कुठून, तर उद्याकडून.
रस्ता सजेल, जागांचे भाव चढतील,
चढलेल्या भावावर वाढीव कर येईल,
त्या न आलेल्या करावर आज कर्ज काढायचं.
तुरी अजून बाजारात, आणि आम्ही फोडणी घातलेली.
चार विरुद्ध तीन मतांनी ठराव मंजूर.
विरोधातल्या तिघांपैकी दोघांची दुकानं
महामार्गावर आहेत, हे इतिवृत्तात नाही.

एप्रिलमध्ये ऑर्विलने बहिणीकडून उसने घेतले
आणि दर्शनी भागावरचे ॲल्युमिनियमचे पत्रे उतरवले.
खाली वीट निघाली, आणि विटेवर पांढऱ्या रंगात, विटत आलेलं :
इर्मा प्रोहास्का
टोप्या, नव्या व दुरुस्त
तो शिडीवरून उतरला, पलीकडच्या फुटपाथवर गेला,
आणि तिथून आईचं नाव वाचत राहिला
जसं एखादं पत्र उशिरा यावं.

नियम नऊ : एका दुकानास एकच पाटी.
मान्य रंग अकरा. पांढरा त्यांत नाही.
समितीत कुणी म्हणालं, रंगवून टाका.
मी फायलीत लिहिलं, 'मूळ बांधकामाचा भाग,'
रकमेच्या रकान्यात शून्य,
आणि वाचायला कुणाला वेळ मिळण्याआधी
सही घेतली.

आता नऊ नवे दिवे लागतात, दहाला विझतात.
एक बेकरी आली, एक गेली.
ऑर्विलच्या मागच्या खोलीत बादली आहे, ती भरते.

काल एक बाई मोटार थांबवून आत शिरली,
कागदी पिशवीत नवऱ्याची फेल्ट हॅट, कड उसवलेली.
विचारलं, इथे अजून दुरुस्त होतात?
त्याने वर पाहिलं. भिंत आतून दिसत नाही.
ठेवून जा, म्हणाला. मंगळवारी या.

व्यवसायाचा प्रकार बदलल्यास नवा अर्ज, नमुना सात.
तो माझ्या खणात आहे.
मंगळवार होऊन जाऊ दे.