शून्य इंच

डर्बीतल्या आमच्या घरात
स्वयंपाकघराच्या मागे न्हाणीघर,
साडेसहा फूट बाय पाच.
दार उघडलं की बेसिनला अडतं,
बेसिनचं कोपर कमोडला,
आणि टॉवेलाचा दांडा
ग्रुप फोटोत कडेला उभ्या माणसासारखा
पोट आत घेऊन.

उरलेली सगळी जागा टबाची.
चाळीस वर्षं त्यात बादली ठेवून अंघोळ केली मी.
आपल्याच मळात पसरून पडायचं
हे काही जमलं नाही शेवटपर्यंत.
लाल बादली, स्टीलचा मग,
आणि पांढऱ्या होडीत उकिडवी मी.
रजया मात्र तुडवल्या त्यात, मेघनासोबत,
गुडघ्यापर्यंत फेस.

फेब्रुवारीत खुबा बदलला.
टबाची कड बावीस इंच.

हे रेल्वेच्या कारखान्यात ड्रॉइंगं काढायचे.
बोलायचं ते पेन्सिलीनेच.
एका संध्याकाळी म्हणाले, "पाय उचल बघू."
मला वाटलं, मोजा काढताहेत.
ते मोजत होते.
टाचेखाली टेप धरली,
चष्मा कपाळावर ढकलून आकडा पाहिला
आणि कुठेच लिहून घेतला नाही.

मग ग्लिन आला, कानामागे पेन्सिल.
(ह्यांना तिथेच पटला तो.)
दार सरकतं करू, म्हणाला,
बेसिन कोपऱ्यात ढकलू, कमोडची टाकी भिंतीत,
पोकळ भिंतीत साबणाला खण,
आणि शॉवरचा ट्रे एकदम बुटका, चारच इंच.
"शून्य," हे म्हणाले.
"चार म्हणजे काहीच नाही हो."
"चार आज आहेत."

मी चहा ओतत होते.
बशीत बराच सांडला.

टब निघाला तेव्हा मागच्या गिलाव्यावर
पेन्सिलीतली अक्षरं निघाली:
फरशी खिडकीकडे अर्धा इंच खाली.
माझा दोष नाही. एच. ब्रेथवेट, १९६१.
ह्यांनी दोनदा वाचलं.
टाइल बसायच्या आधी
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
बरोबर आहे. उतार तिकडेच दिला.

नऊ दिवस आम्ही शेजारच्या पॉलीनकडे अंघोळीला,
टॉवेल काखेत मारून, पावसातून.
दहाव्या दिवशी ग्लिनने दार सरकवलं.
उंबरा नाही, ट्रे नाही,
काचेचा एकच पाखा,
जमीन सरळ आत गेलेली
आणि कोपऱ्यातल्या जाळीकडे हळूच कललेली.
"हल्ली हीच फॅशन," तो म्हणाला.

मी पाहिलं. उतार. जाळी. भिंतीत कोनाडा.
"अहो, ही तर मोरी!"
सहा हजार पौंडांची मोरी.
हे इतके हसले की भिंतीला धरावं लागलं.
ग्लिनने शब्द विचारून घेतला,
पावतीवर तोच लिहिला, स्पेलिंग आपल्या मनाचं.

नकाशात एक गोष्ट मात्र त्याला कळली नव्हती.
काचेच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात,
साडेदहा इंचांचं एक वर्तुळ, नाव नसलेलं.
"इथे काय बसवायचंय?"
"काही नाही. मोकळं सोड."

आज सकाळी पाय न उचलता आत गेले.
बादली तिच्या वर्तुळात.
पहिला तांब्या खांद्यावर घेतला,
आणि पाणी, कुणी न सांगता,
ब्रेथवेटच्या खिडकीकडे निघालं.