पेवात कंदील

विसाव्या आठवड्यात
विश्रामबागच्या त्या अंधाऱ्या खोलीत
उपाध्ये मॅडम बोलायच्या थांबल्या.
तोवर सांगत होत्या, हा पाय, ही पाठ,
बघा, अंगठा तोंडात घातलाय.
मग गार जेलवरून ते यंत्र
बेंबीखाली एकाच जागी फिरत राहिलं
आणि बाहेर रस्त्यावरून कुल्फीवाल्याची घंटा गेली,
ती मी शेवटपर्यंत ऐकली.

हरिपूरला आप्पा हळदीचं पेव उघडायचे.
तोंडावरची माती उकरून, फरशी सरकवून
आधी दोरीनं कंदील सोडायचे खाली.
विझला तर कुणी उतरायचं नाही.
मी काठावर पालथी पडून बघायची.
हळद दिसायची नाही,
नुसता उजेड हलायचा.

"कप्पे चारी आहेत," मॅडम म्हणाल्या,
"पण वरून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या
एकमेकींच्या जागी गेल्यात."
कागदाच्या पाठीवर चित्र काढून दिलं.
सुकुमारनं ते घडी घालून खिशात ठेवलं,
अडतीच्या पट्टीसारखं.
मी विचारलं, मग आत्ता लाथा कशा मारतंय?
"आत आहे तोवर त्याला काही नाही.
वार सगळं सांभाळते.
पहिल्या रडण्यानंतरचं बघायचंय."

भिंतीवर पाटी होती,
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
मुलगा की मुलगी, माहीत नाही,
आणि त्याच्या काळजाच्या आतलं
मला सगळं माहीत होतं.

आईनं डिंक निवडून ठेवला होता.
पहिलटकरीण माहेरी येणार
म्हणून मागच्या खोलीला चुना दिला होता.
मी फोनवर सांगितलं,
पुण्याला व्हायचंय,
आठवड्याच्या आत ऑपरेशन.

ती गप्प.
मग म्हणाली,
"तुझ्या आधी एक झाला होता.
सहा दिवसांचा. निळा पडत गेला.
दृष्ट लागली म्हणाले.
मीठ-मोहऱ्या मीच ओवाळल्या."
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.
बारशापर्यंत पोचला नाही
म्हणून त्याला नावही नव्हतं,
आणि फोनवर आम्ही दोघी
त्याला काय म्हणावं ते न कळून
नुसतं "तो" म्हणत राहिलो.

मागून आप्पांचा आवाज आला,
"म्हणजे या वेळी आधी कळलं म्हणायचं."

आईनं नाक ओढलं.
"पुण्याला गॅस असेल ना खोलीवर?" म्हणाली,
"कढई मी इथनं आणते.
तिकडच्या कढईला लाडू लागतात."