शब्बाथच्या दिवशी हेरिंग आले

शनिवारी अंधार पडायच्या आत
ओयरिकनं दुसऱ्या दिवसाचंही पाणी भरलं,
बटाटे सोलून ठेवले,
पीटच्या वाळक्या विटा चुलीशी रचल्या.
टॉरक्विलनं होडी वाळूवर ओढून
दोर तीनदा तपासला.
लुइस बेटाच्या या उत्तर टोकाला
रविवारी कुणी काडी मोडत नाही.
शेंबडी पोरंसुद्धा झोपाळ्याकडं नुसतीच बघत बसतात.

आणि नेमके रविवारी सकाळी हेरिंग आले.

महिनाभर जाळं ओलं व्हायचं
आणि तसंच वाळायचं.
इंजिनाचे दोन हप्ते थकलेले,
स्टॉर्नोवेच्या दलालाचं पत्र
बायबलखाली दडवलेलं.
कुणापासून दडवलं, दोघांनाही ठाऊक नव्हतं.

चर्चच्या वाटेवर काळ्या कपड्यांतली माणसं
समुद्राकडं न बघता चालली होती.
इतक्या ताठ माना
ज्याला बघायचं असतं त्याच्याच असतात.
खाली पाणी आधण आल्यासारखं उकळत होतं,
गॅनेट पक्षी वरून सुऱ्यांसारखे पडत होते,
आणि पलीकडच्या बंदराची दोन जहाजं
धूर सोडत त्यात शिरत होती.
ओयरिक एवढंच म्हणाली,
"देवाला वार कळत नाहीत की काय?"
टॉरक्विल काही बोलला नाही.
बोलला असता तर हेच बोलला असता.

चर्चमध्ये ना मूर्ती, ना मेणबत्ती, ना पेटी.
नुसता गळा.
स्तोत्राची ओळ आधी टॉरक्विलनं टाकायची,
मग बाकीच्यांनी उचलायची,
ज्यानं त्यानं आपापल्या वळणानं,
कुणी पुढं कुणी मागं, लाटेवर लाट.
वीस वर्षं ओळ टाकत होता तो.
वडिलांना पुरून आला त्या रविवारीही
अक्षर चुकलं नव्हतं.

त्या दिवशी तिसऱ्या ओळीला
खिडकीच्या फटीतून पक्ष्यांचा कलकलाट आत आला
आणि त्याच्या तोंडातली ओळ गेली.
तिच्या जागी मासे आले.
किती पेट्या,
पेटीला किती शिलिंग,
त्यातून दलालाचे किती,
उरले तर ओयरिकला बूट.
हिशेब मात्र अक्षर न चुकता होत होता.

चर्चभर शांतता.
पुढच्या बाकावरचे वडीलधारे आपापले जोडे बघू लागले.
मग बायकांच्या बाकावरून,
बायकांनी कधी टाकायची नसते ती ओळ
चिरक्या, रागावलेल्या आवाजात आली.
सूर नव्हताच.
शब्द तेवढे नेमके.
क्षणभर कुणी उचलली नाही.
मग त्यानंच उचलली,
वीस वर्षांत पहिल्यांदा
कुणाच्या तरी मागं मागं.

रात्री बाराचा ठोका पडला
आणि बाराच होड्या पाण्यात गेल्या.
उजाडेपर्यंत त्याच्या जाळ्यात
शेवाळ, दोन खेकडे
आणि कुणाची तरी रिकामी बाटली.
देवानं बाजूला काढून काही ठेवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात दुप्पट हेरिंग आले
असं सांगता आलं असतं
तर ही गोष्ट पोरांच्या शाळेत खपली असती.
नाही आले.
जुलैत दलाल इंजिन उचलून घेऊन गेला.
टॉरक्विलनं माळ्यावरून वल्ही काढली,
तेल लावलं.
तळहात आधी फुटले, मग घट्ट झाले.
"काय मिळालं रे तुला?" धक्क्यावर कुणीतरी विचारलं.
त्यानं खूप वेळ विचार केला.
"मिळायचं होतं कुठं?" म्हणाला,
आणि गाठ सोडवायला लागला.

त्या सोमवारी दुपारी ताटात
गेल्या वर्षीचे खारवलेले मासे
आणि बटाटे.
त्याची जेवणाआधीची प्रार्थना
गावातली सगळ्यात लांब.
एरवी ओयरिक मधेच मोठ्यानं "आमेन" म्हणून
तिला कात्री लावायची.
त्या दिवशी डोळे उघडे ठेवून
ती बटाट्यांची वाफ बघत राहिली.
विरळ होत होती.
होऊ दिली.